सरकारी इमारतीतले म्युरल, तैलचित्रे आणि पुतळा काढण्याआधी काय तपासायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या इमारतीचे नूतनीकरण मंजूर झाले आहे. प्रवेशदालनात १९७४ साली केलेले वीस फूट रुंद आणि नऊ फूट उंच मोझॅकचे (रंगीत तुकडे जडवून केलेले) म्युरल, म्हणजे भित्तिचित्र, आहे. त्याच्या कोपऱ्यात कलाकाराची सही आहे आणि नव्या नकाशात ती भिंत जाणार आहे. भांडारात पाच तैलचित्रे पडून आहेत. त्यांतले एक इंग्रज अधिकाऱ्याचे व्यक्तिचित्र असून मागच्या बाजूला १९१२ हे साल लिहिलेले आहे. मोडक्या खुर्च्या-कपाटांबरोबर ही चित्रे निर्लेखित करून (नोंदवहीतून कमी करून) लिलावात काढावीत, असा प्रस्ताव आहे. फाटकाजवळचा ब्राँझचा अर्धपुतळा बाहेरच्या चौकात न्यायचा आहे. वरिष्ठ म्हणतात, पैसे सरकारने मोजले, वस्तू सरकारची, मग विचारायचे कुणाला?

वस्तू सरकारचीच आहे, त्याबद्दल बहुधा वाद होणार नाही. अडचण पुढे आहे. नस्तीत (फाइलमध्ये) ‘म्युरल काढणे’ असे दोन शब्द लिहून मान्यता घेतली जाते. पण झाकणे, जागा बदलणे, दुसऱ्या खात्याकडे देणे, विकणे आणि नष्ट करणे या कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या कृती आहेत. पहिल्या तिन्हींना फारशी आडकाठी नाही. शेवटच्या दोन्हींना आहे, आणि त्यांतली नष्ट करण्याची कृती मागे घेता येत नाही. म्हणून अशा प्रकरणांत मी आधी एकच विचारतो: हे केल्यावर उद्या न्यायालयाने ‘पूर्ववत करा’ म्हटले तर करता येईल का?

आता म्युरल. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५७ कलाकाराला दोन हक्क देते. कृतीखाली आपले नाव असण्याचा हक्क, आणि तिची विकृती, तोडफोड किंवा फेरफार झाल्यामुळे आपल्या मानाला वा लौकिकाला धक्का बसत असेल तर ते थांबवण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क. कॉपीराइट विकून टाकला तरी हे हक्क कलाकाराकडेच राहतात. त्यामुळे ‘कॉपीराइट सरकारचा आहे’ हे सिद्ध करून काम भागत नाही. कलम १७ प्रमाणे सरकारसाठी केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सरकारकडे असू शकतो, पण कलम ५७ त्याच्यापलीकडचे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला असलेली कॉपीराइटच्या मुदतीची मर्यादाही गेली. कलाकार हयात नसेल तर त्याचे कायदेशीर वारस हे हक्क बजावू शकतात.

याबाबतचा महत्त्वाचा निकाल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यातला आहे. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांना १९५७ मध्ये ब्राँझचे म्युरल करायला सांगितले गेले आणि १९६२ मध्ये ते पूर्ण झाले. लांबी सुमारे १४० फूट, उंची ४० फूट. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवून भांडारात टाकले गेले. त्यात ते मोडले आणि काही भाग हरवले. सहगल यांनी १९९२ मध्ये दावा लावला. सरकारचा बचाव तुमच्या वरिष्ठांसारखाच होता, की पैसे दिले, मालकी आमची. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल देताना नष्ट करणे हे विकृतीकरणाचेच टोक मानले, उरलेले म्युरल कलाकाराला परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई ठरवली.

याच्या विरुद्ध दिशेचा निकालही आहे आणि कुणीतरी तो तुमच्यापुढे ठेवेलच. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. त्याचे वास्तुविशारद राज रेवाल न्यायालयात गेले. त्याच उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये सांगितले, की कलम ५७ च्या आधारे वास्तुविशारद मालकाला इमारत पाडण्यापासून अडवू शकत नाही. त्यामागचा तर्क असा की इमारत पूर्ण गेली तर विकृत रूपात लोकांसमोर राहायला काही उरतच नाही, मग लौकिकाला बाधा कशी येणार?

मग तुमची भिंत कोणत्या निकालाच्या बाजूला पडते? माझे मत असे, की राज रेवाल निकालावर विसंबून म्युरल पाडू नये. तो निकाल इमारतीबद्दलचा आहे. म्युरल ही इमारतीत बसवलेली स्वतंत्र कलाकृती असते, आणि तुमच्याकडे इमारत पडत नाही, एक भिंत जाते. शिवाय हे दोन्ही दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींचे निकाल आहेत. महाराष्ट्रात ते मार्गदर्शक ठरतील, पण बंधनकारक नाहीत. मुंबई उच्च न्यायालयात कलाकाराच्या वारसांनी सहगल निकाल ठेवला तर तुमच्या कार्यालयाची नस्तीच पुरावा ठरेल, आणि त्या नस्तीत पर्यायांचा विचार केल्याची एकही टिपणी नसेल तर बाजू लंगडी पडेल.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. पूर्ण पाडण्यापेक्षा अर्धवट छेडछाड कायद्याने जास्त अंगाशी येते. म्युरलच्या मधोमध एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक, त्यावरून नेलेली सीसीटीव्हीची पट्टी, सहीच्या कोपऱ्यावर बसवलेला स्विचबोर्ड, निखळलेल्या तुकड्यांच्या जागी भरलेल्या दुसऱ्याच रंगाच्या फरशा. या प्रत्येक वेळी कृती लोकांसमोर राहते, कलाकाराच्या नावावर राहते आणि बिघडलेली दिसते. कलम ५७ ला नेमके हेच लागते. अशा कामाला स्वतंत्र मान्यता घेतली जात नाही, वीजतंत्री येतो आणि करून जातो. तुमच्या म्युरलवर आधीच असे काही झाले असेल तर त्याचे आजच तारखेसह फोटो काढा, नाहीतर ते नूतनीकरणाच्या खाती जमा होईल.

कलम ५७ च्या स्पष्टीकरणात सरकारला सोयीची एक गोष्ट आहे. कृती प्रदर्शित न करणे, किंवा कलाकाराच्या मनासारखी प्रदर्शित न करणे, हा हक्कभंग धरला जात नाही. म्हणून भिंत जागेवर ठेवून पुढे दुसरी भिंत उभारणे हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरतो. म्युरलपासून साधारण पंधरा सेंटिमीटर अंतर सोडून जमीन आणि छत यांनाच अडकवलेली हलकी चौकट करायची. म्युरलमध्ये एकही बोल्ट जाता कामा नये. हवा खेळायला खाली-वर जाळी ठेवायची, म्हणजे ओल कोंडत नाही. आणि मागे म्युरल आहे हे इमारतीच्या नकाशावर, मालमत्ता नोंदवहीत आणि त्या चौकटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचे. हे शेवटचे केले नाही तर दहा-पंधरा वर्षांनी कुणी तरी ड्रिल घेऊन आरपार जातो.

भिंत हलवायचीच असेल तर आधी तिचे वजन काढा. वीटकामाचे वजन घनमीटरला साधारण १९०० किलो धरतात. नऊ इंची भिंतीचा एक चौरस मीटर त्यामुळे ४४० किलोच्या आसपास भरतो. तुमचे म्युरल सुमारे १६.७ चौरस मीटरचे आहे, म्हणजे भिंतीसकट सात टनांहून जास्त. एका तुकड्यात ते निघत नाही. मोझॅक असल्यामुळे ते भागाभागांत सोडवता येते. दर्शनी बाजूवर पाण्यात सुटणाऱ्या चिकटद्रव्याने पातळ सुती कापड चिकटवायचे, चित्रातल्या रंग बदलणाऱ्या रेषांवरून तुकडे पाडायचे, मागचा चुन्या-सिमेंटचा थर सोडवायचा आणि प्रत्येक तुकडा क्रमांक टाकून सपाट फळीवर ठेवायचा. ठेकेदार सरळ चौकोनी जाळी आखून कटर चालवतो. तसे केले तर पुन्हा जोडताना चेहऱ्यातून, हातातून रेघा जातात आणि त्या कधीच लपत नाहीत. आधी सहीपासून दूर, कोपऱ्यातल्या एक चौरस फुटावर चाचणी घ्यावी. सिमेंट मसाला काचेच्या तुकड्यांना इतका घट्ट धरून असेल की तुकडेच फुटतात, तर भिंतीचा काही भाग मागे ठेवूनच कापावे लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. हे काम कलासंवर्धकाचे आहे, स्थापत्य ठेकेदाराचे नाही. भिंत भारवाहक आहे का, याचा संरचना अभियंत्याचा दाखलाही आधी हवा.

कलाकाराला किंवा वारसांना कळवणे आपल्या कायद्यात स्पष्टपणे सांगितलेले नाही. नोटिशीची मुदतही दिलेली नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात इमारतीतून सोडवता येणाऱ्या कृतींसाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. तिथे मालकाने कळवायचे आणि कलाकाराने त्या अवधीत कृती न्यायची किंवा काढण्याचा खर्च द्यायचा. आपल्यावर ते बंधन नाही, तरी मी नव्वद दिवसच सुचवतो, कारण तेवढ्यात माणूस शोधणे, तज्ज्ञ पाठवणे आणि उत्तर येणे शक्य होते. पत्रात म्युरलचे मोजमाप, फोटो, नियोजित काम, तारीख आणि तीन गोष्टी लिहा: पाहणीसाठी येण्याची मुभा, काढण्याच्या पद्धतीबद्दल सूचना देण्याची मुभा, आणि शासनाला जतन शक्य नसल्यास कृती स्वीकारण्याचा प्रस्ताव. शेवटचा पत्ता जुन्या कार्यारंभ आदेशावर सापडतो. तो नसेल तर मोजमाप पुस्तिकेत पाहा. अशी कामे बऱ्याचदा बांधकामाच्याच देयकात ‘सजावटीचे काम’ म्हणून नोंदलेली असतात आणि कला म्हणून वेगळी नस्ती नसतेच. पत्ता जुना निघाला तर कलाकार जिथे शिकला ती कलाशाळा आणि ललित कला अकादमी यांच्याकडे विचारा, मग वृत्तपत्रात जाहीर सूचना द्या. परत आलेले लिफाफेसुद्धा नस्तीत ठेवा.

‘दावा लावायचा तर त्यांना आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल, तोवर काम उरकून घेऊ’, असा सल्ला दिला जातो. तो धोक्याचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० मध्ये सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस आहे हे खरे, पण पोटकलम २ प्रमाणे तातडीचा दिलासा हवा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो. अर्धी भिंत पाडलेली असताना स्थगिती आली तर ठेकेदाराचा खोळंबा आणि त्याचा दावा, दोन्ही तुमच्या डोक्यावर येतील.

इथपर्यंतचे एका दमात सांगायचे तर: मालकी सरकारची असली तरी फेरफार आणि नाश यांवर कलाकाराचा हक्क उरतो. न दाखवणे चालते, बिघडवणे चालत नाही. आणि जे परत करता येणार नाही ते सर्वांत शेवटी.

आता भांडारातली चित्रे. यांच्याबाबत खरा घोटाळा नोंदवहीत सुरू होतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम (जीएफआर) २०१७ मधला नियम २११ सांगतो, की यंत्रे, फर्निचर वगैरे स्थिर मत्ता जीएफआर-२२ नमुन्यात आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्याच्या वस्तू जीएफआर-२४ नमुन्यात, वेगळ्या ठेवायच्या. प्रत्यक्षात चित्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) ‘फ्रेम, मोठी, नग १’ असे चढते. मग किंमत घसाऱ्याने शून्यावर येते, वार्षिक पडताळणीत शेरा पडतो ‘काच फुटलेली, निरुपयोगी’, आणि निर्लेखन समितीपुढे येते ती फुटकी फ्रेम. चित्राचा उल्लेखच नसतो. समितीने प्रामाणिकपणे सही केली तरी निर्णय चुकीचा ठरतो. त्यामुळे पहिले काम नोंद दुरुस्त करण्याचे: पाचही चित्रे जीएफआर-२४ मध्ये घ्या, जुन्या नोंदीचा संदर्भ द्या आणि सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्या. राज्य शासनाच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयांना त्यांचे स्वतःचे वित्तीय नियम लागू होतात. तिथे नमुन्याचा क्रमांक वेगळा असेल, तर्क तोच.

नोंद करताना प्रत्येक चित्राचे पुढून, मागून, सहीचे आणि कडांचे फोटो हवेत, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. एक फोटो बाजूने तिरका प्रकाश टाकून घ्या. रंगाचे पोपडे आणि कॅनव्हासच्या सुरकुत्या त्यातच दिसतात. मागे चिकटवलेली जुनी लेबले, शिक्के काढू नका, चित्राचा इतिहास तिथेच असतो. क्रमांक कॅनव्हासवर बॉलपेनने लिहू नका, टॅग बांधा. चित्रे जमिनीपासून किमान दहा सेंटिमीटर वर, उभी, पाठीला पाठ आणि तोंडाला तोंड लावून, मध्ये पुठ्ठा घालून ठेवावीत. एका चित्राचा हूक दुसऱ्याच्या कॅनव्हासमध्ये घुसणे हे भांडारातल्या नुकसानीचे अगदी नेहमीचे कारण आहे.

१९१२ च्या व्यक्तिचित्राला वेगळा कायदा लागतो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखितांसारख्या काही गोष्टींसाठी हे वय पंच्याहत्तर आहे. तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेशिवाय कुणालाही करता येत नाही, आणि तिच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे भंगाराचा लिलावदार ती विकायला पात्रच नाही. सरकारी कार्यालयात ठेवलेल्या पुरावस्तूला कलम १८ मुळे नोंदणीतून सूट आहे, पण खासगी हातात गेल्यावर ती सूट राहत नाही. वस्तू पुरावस्तू आहे की नाही असा वाद झाला तर निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. बाकीच्या चार चित्रांवरच्या सह्याही नीट वाचून घ्या. राजा रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस यांच्यासह नऊ कलाकारांच्या कृती शंभर वर्षांच्या अटीशिवाय कलानिधी म्हणून घोषित आहेत. तसे नाव दिसले तर लगेच हुरळू नका, नकलाही भरपूर फिरतात, पण तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत चित्र कुलपात ठेवा.

आणि शंभर वर्षे झाली नाहीत म्हणून वस्तू मोकळी झाली असे समजू नका. चंडीगडच्या सरकारी कार्यालयांतले, शहर उभारणाऱ्या वास्तुविशारदांपैकी पियेर जानरे यांच्या काळातले फर्निचर टाकाऊ म्हणून लिलावात गेले आणि परदेशी लिलावगृहांत मोठ्या किमतींना विकले गेले. ते शंभर वर्षांचे नसल्यामुळे १९७२ च्या कायद्याने ते अडवता आले नाही. यांतले बरेच लिलाव कागदावर नियमानुसारच होते. म्हणून विक्रीचा विचार करण्याआधी हस्तांतरणाचा करा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, राज्याचे वस्तुसंग्रहालय किंवा दुसरे सरकारी कार्यालय यांना पत्र लिहून नकार लेखी घ्या. एअर इंडिया खासगी हातात जाताना तिचा कलासंग्रह विक्रीतून वगळून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले, तो मार्ग याच विचाराचा आहे. विकायचेच झाले तर दोन स्वतंत्र कलातज्ज्ञांचे मूल्यांकन घ्या आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ५३अ पाहा. कलाकार मूळ कॉपीराइटधारक असेल आणि फेरविक्रीची किंमत दहा हजार रुपयांवर गेली तर त्याला किंवा वारसांना कॉपीराइटच्या मुदतीपर्यंत वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के.

पुतळा चौकात नेण्याचा बेत मात्र सोडून द्या. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. वरकरणी तुम्ही जुना पुतळा हलवता आहात, पण चौकाच्या दृष्टीने तो नवा पुतळा आहे. शिवाय राज्यात पुतळ्यांसाठी जिल्हा प्रशासन, पोलीस आणि कला संचालनालय यांच्या मान्यतांची वेगळी प्रक्रिया आहे. आवारातच दुसरी जागा शोधा. उचलताना मानेभोवती किंवा खांद्याखाली पट्टा घालू नये. ब्राँझ आतून पोकळ असते, आणि बुडाशी चबुतऱ्यात गाडलेला लोखंडी गज गंजून फुगलेला असू शकतो. आधी तो मोकळा करावा, मग तळाखालून आधार देऊन उचलावे. नव्या जागी गज स्टेनलेस स्टीलचा वापरावा. चकाकीसाठी ॲसिड लावणार असतील तर थांबवा, वर्षानुवर्षांचा संरक्षक थर त्याने निघून जातो.

इमारत स्वतः वारसायादीत आहे का, हेही एकदा पाहून घ्या. श्रेणी एकच्या वास्तूत आतले बदलही वारसा समितीपुढे जातात. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियमन आहे.

आता क्रम. या आठवड्यात कार्यकारी अभियंत्याला लेखी कळवा, की प्रवेशदालनाची भिंत, भांडारातली पाच चित्रे आणि पुतळा पुढील आदेशापर्यंत कामातून वगळले आहेत. म्युरलपुढे लाकडी चौकटीवर प्लायवुडची पेटी करून घ्या. नुसती ताडपत्री टाकली तर ती वाऱ्याने घासत राहते. भिंतीच्या मागच्या बाजूने ब्रेकर चालवायला मनाई करा, हादऱ्याने मोझॅक सुटते. मग नोंदी, पाहणी अहवाल, कलाकाराला पत्र आणि त्यानंतर पर्यायांची तुलना करणारी टिपणी. संवर्धकाचा खर्च निविदा निघण्याआधी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून घ्या. निविदेनंतर तो जादा बाब ठरतो, मंजुरी रेंगाळते, आणि तोवर ठेकेदार ‘पाडकाम, प्रति घनमीटर’ या दराने भिंत मोकळी करून टाकतो.